मालक कागदावर, ओझे घरावर

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कॅनडातले ट्रकचालक' असे छापलेले पाहून दोघी-तिघींनी मघाशी चहाच्या वेळी मला विचारले, की बायांच्या शिबिरात ट्रकवाल्यांचे काय काम? प्रश्न रास्त आहे. ट्रक चालवणारे जवळजवळ सगळे पुरुषच असतात. पण त्यांच्या नोकरीच्या कागदांवर आज जे चालले आहे, त्याची किंमत कोण मोजते हे पाहायला गेले की आपण थेट त्यांच्या स्वयंपाकघरात पोचतो. म्हणून हा विषय मी इथे मांडते आहे. आणि शेवटी तुमच्या लक्षात येईल, की ही युक्ती कॅनडात जन्मलेली नाही. आपल्याकडच्या बायांनी ती कधीच भोगलेली आहे.

मी मूळची सोलापूरची. लग्नानंतर वीस-बावीस वर्षे टोरांटोशेजारच्या ब्रॅम्प्टन शहरात राहते. पोटासाठी लहान दुकानदारांचे, धंदेवाल्यांचे हिशेब लिहिते, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ बायांच्या एका मदत केंद्रात बसते. हिशेबाच्या टेबलाशी नवरे येतात आणि मदत केंद्रात बायका. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू मला दिसत गेल्या.

ब्रॅम्प्टन आणि त्याला लागून असलेले मिसिसॉगा ही कॅनडाच्या मालवाहतुकीची मोठी केंद्रे आहेत. जिकडे पाहावे तिकडे गोदामे आणि ट्रकचे तळ. माल इथून दुसऱ्या प्रांतांत जातो, सीमा ओलांडून अमेरिकेत जातो. गाड्या चालवणाऱ्यांत पंजाबी माणसे फार मोठ्या संख्येने आहेत. कोणी विद्यार्थी म्हणून आलेला, कोणी कामाच्या परवान्यावर, कोणी कायमचा रहिवासी झालेला. असा एखादा मुलगा नोकरी मागायला गेला की त्याला पहिला प्रश्न विचारतात: "पेरोलवर येणार, की कॉर्पोरेशनवर?" पुष्कळ ठिकाणी तेवढीही निवड नसते. आधी कंपनी काढून ये, मग गाडीची किल्ली मिळेल, असे सांगतात.

कंपनी काढायची म्हणजे काय? सरकारी नोंदणी करायची, शुल्क भरायचे, बँकेत त्या कंपनीचे खाते उघडायचे. या कंपनीला धड नावही लागत नाही. नोंदणीचा आकडा आणि त्यापुढे 'ऑन्टारियो इंक' हेच तिचे नाव. मग वाहतूक कंपनी पगार देण्याऐवजी या आकड्याच्या कंपनीकडून 'सेवा' विकत घेते. चालकाने दर पंधरवड्याला बिल पाठवायचे आणि मालकाने बिलाचा चेक द्यायचा. तिकडे या प्रकाराला 'ड्रायव्हर इंक' असे नावच पडले आहे.

आता इथे एक फरक नीट समजून घ्या. स्वतःचा ट्रक असलेला, त्याचे हप्ते, डिझेल, विमा स्वतः भरणारा आणि कोणाचा माल न्यायचा हे ठरवू शकणारा माणूसही तिकडे असतो. त्याचेही हाल असतात, पण तो निराळा प्रश्न आहे. मी बोलते आहे त्या माणसाकडे ट्रक नाही. ट्रक मालकाचा, डिझेल मालकाचे, विमा मालकाचा. कुठला लोड उचलायचा, किती वाजता पोचायचे, हे मालकाचा डिस्पॅचर फोनवर सांगतो. मैलामागे किती सेंट द्यायचे हेही मालकच ठरवतो. चालकाचे म्हणून जे आहे ते फक्त लायसन्स, अंगातली ताकद आणि झोप. आणि कागदावर मात्र तो उद्योजक!

मग हा माणूस कबूल का होतो? मूर्ख म्हणून नव्हे. हातात पडणारा चेक मोठा दिसतो म्हणून.

समजा पंधरवड्याचे काम हजार डॉलरचे झाले. पेरोलवर असेल तर त्यातून प्राप्तिकर, कॅनडा पेन्शन योजनेची ५.९५ टक्के वर्गणी आणि रोजगार विम्याचा हप्ता कापून उरलेले हातात येते. कॉर्पोरेशनवर असेल तर कापाकापी काहीच नाही. उलट हजारावर १३ टक्के विक्रीकर लावायचा असतो, म्हणजे चेक येतो अकराशे तीस डॉलरचा. नवीन आलेल्या माणसाला वाटते, आपण जिंकलो. पण त्यातले एकशे तीस त्याचे नाहीतच, ते सरकारचे आहेत. त्याने ते नुसते गोळा केले आहेत आणि मुदतीत भरायचे आहेत. उरलेल्यावरचा करही अजून द्यायचाच आहे. घरभाडे, गाडीचा हप्ता, गावी पाठवायचे पैसे यांत ते सगळे खर्च होऊन जातात आणि वर्ष-दोन वर्षांनी पाकीट येते.

करातही गंमत आहे. "कंपनीला कर कमी लागतो" असे सांगून या मुलांना भुलवतात. खऱ्याखुऱ्या लहान धंद्याला केंद्र सरकारचा कर ९ टक्के आहे, हे खरे. पण ज्या कंपनीत मालक हाच एका दुसऱ्या कंपनीचा नोकर असल्यासारखा राबतो, ती कॅनडाच्या कायद्यात वेगळ्या वर्गात मोडते. तिला ती सवलत नाही. तिला केंद्राचाच कर ३३ टक्के लागतो आणि वर प्रांताचा. शिवाय स्वतःचा पगार आणि आणखी दोन-चार बाबी सोडल्या तर बाकीचे खर्चही वजा करता येत नाहीत. म्हणजे कायदा पाळायचा म्हटला तर हा सौदा तोट्याचा आहे. तो नफ्याचा दिसतो, कारण कोणी विचारत नाही तोवर सगळे लहान धंद्याचा दर लावून मोकळे होतात. ज्या दिवशी विचारणा होते त्या दिवशी वाहतूक कंपनी अंग झाडून मोकळी. ती म्हणते, "आम्ही एका स्वतंत्र कंपनीला पैसे दिले. तिचा कर तिने पाहावा."

मालकाचे काय काय वाचते, तेही मोजून पाहा. पेन्शन योजनेत चालकाइतकीच वर्गणी मालकाला भरावी लागते, ती वाचते. रोजगार विम्यात कामगाराच्या हप्त्याच्या १.४ पट मालकाचा वाटा असतो, तो वाचतो. अपघात विम्याची वर्गणी वाचते. सुट्टीचा पगार वाचतो, जो सुरुवातीला कमाईच्या ४ टक्के असतो. वर्षातल्या १० सार्वजनिक सुट्ट्यांचा पगार वाचतो. २०२२ च्या डिसेंबरपासून केंद्रीय कायद्याखालच्या कामगारांना वर्षाला १० दिवसांपर्यंत भरपगारी आजारपणाची रजा मिळते, ती द्यावी लागत नाही. जादा तासांचा भत्ता नाही, काढून टाकताना नोटीस नाही. आणि शेवटच्या दोन बिलांचे पैसे बुडवले तर? नोकर असता तर मजुरी बुडवली म्हणून तक्रार करता आली असती. आता मालक म्हणतो, "ही दोन कंपन्यांमधली उधारी आहे, कोर्टात जा."

कायदा नाही असे नाही. प्रांताच्या किंवा देशाच्या सीमा ओलांडणारी मालवाहतूक कॅनडात केंद्रीय कामगार कायद्याखाली येते. कामगाराला 'कामगार नाही' असे दाखवणे हेच त्या कायद्याने १ जानेवारी २०२१ पासून गुन्हा ठरवले. तो कामगार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. २०२४ च्या जूनमध्ये आणखी एक पाऊल टाकले: जो मोबदला घेऊन काम करतो तो कामगारच आहे असे आधी धरून चालायचे, मालकाचे म्हणणे वेगळे असेल तर त्याने ते सिद्ध करावे. २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या केंद्रीय अर्थसंकल्पात कर खात्याला या कामासाठी वेगळा निधी देण्याचे जाहीर झाले. कायदे चांगले आहेत. पण तक्रार कोणी करायची?

इथे परवान्याचा प्रश्न येतो. ज्याचा कामाचा परवाना एकाच मालकाच्या नावाने बांधलेला आहे, त्याने त्या मालकाविरुद्ध तोंड उघडले तर नोकरी जाते, आणि नोकरीबरोबर देशात राहण्याचा आधारही. शिवाय आणखी एक क्रूर गोष्ट आहे. कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर कायमचे रहिवासी होण्याचा जो प्रमुख मार्ग आहे, त्यात स्वतःच्या धंद्याचा अनुभव धरत नाहीत. म्हणजे दोन वर्षे रात्रंदिवस ट्रक चालवलेल्या मुलाला अर्ज भरताना कळते, की तू नोकरी केलीसच कुठे? तू तर धंदा करत होतास.

तरीही माणसे लढली आहेत. २०२१ मध्ये ब्रॅम्प्टनमध्ये 'नौजवान सपोर्ट नेटवर्क' या नावाने परदेशी विद्यार्थी आणि स्थलांतरित कामगार एकत्र आले. त्यात ट्रकचालकही होते. पैसे बुडवणाऱ्या मालकाच्या घरापुढे जाऊन उभे राहायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू द्यायचे की हा माणूस मजुरी देत नाही, ही त्यांची रीत. त्यावर अब्रुनुकसानीचे दावेही झाले. पण बुडालेली मजुरी त्यांनी वसूल करून दाखवली.

एक सावधगिरीही सांगते. मोठ्या वाहतूक कंपन्यांची संघटनाही 'ड्रायव्हर इंक'च्या विरोधात बोलते आहे, अनेक वर्षे बोलते आहे. त्यांचे म्हणणे, की कर आणि वर्गण्या बुडवणारे आमच्यापेक्षा स्वस्तात माल नेतात. ते खरेच आहे. पण त्या तक्रारीच्या आडून हळूच "या बाहेरून आलेल्यांनी धंदा नासवला" असाही सूर निघतो. फसवणूक करणारा मालक आणि फसवला गेलेला चालक यांना एकाच रंगात रंगवतात. आपण हे ऐकताना कान उघडे ठेवले पाहिजेत. कायदा मोडण्याचा फायदा कोणाला झाला, हा प्रश्न आपण सोडायचा नाही.

आता घराकडे वळते.

पहिली गोष्ट सहीची. या आकड्यांच्या कंपन्यांत पुष्कळदा बायकोचे नाव संचालक म्हणून किंवा भागधारक म्हणून घातलेले असते. कोणी सांगितलेले असते की दोघांत उत्पन्न वाटले की कर वाचतो. (२०१८ पासून त्या वाटणीवर मोठी बंधने आली, पण सल्ला मात्र तोच चालू राहिला.) एक पंचविशीतली मुलगी आमच्या मदत केंद्रात आली होती. हातात कर खात्याचे पाकीट. नवरा आठवडाभर गाडीवर, अमेरिकेत कुठेतरी. पाकिटात लिहिले होते की अमुक कंपनीने गोळा केलेला विक्रीकर भरलेला नाही, आणि संचालक या नात्याने तो तुझ्याकडून वसूल होऊ शकतो. ती मला म्हणाली, "ताई, पण माझी तर कंपनीच नाही." कंपनी होती. बाळ चार महिन्यांचे असताना स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलेल्या कागदांवर तिने तीन सह्या केल्या होत्या. नवऱ्याने सांगितले, तिने केल्या.

कॅनडाचा कायदा सांगतो, की कंपनीने गोळा केलेला विक्रीकर आणि पगारातून कापलेल्या रकमा सरकारजमा झाल्या नाहीत, तर संचालक स्वतः त्याला जबाबदार. संचालकपद सोडल्यावरही दोन वर्षांपर्यंत ही वसुली मागे लागू शकते. आपण पुरेशी काळजी घेतली होती असे दाखवता आले तर सुटका आहे. पण जिला कंपनी आहे हेच ठाऊक नाही, ती काळजी घेतल्याचे कसे दाखवणार? त्या मुलीला आम्ही कायदा मदत केंद्रात नेले, वकिलाने पत्रव्यवहार केला, शेवटी हप्ते बांधून मिळाले. ते हप्ते ती एका बेकरीतल्या पगारातून फेडत होती. नवऱ्याच्या मालकाने पेन्शन आणि विम्याचे वाचवलेले पैसे अशा वाटेने तिच्या बेकरीतल्या पगारातून निघाले.

दुसरी गोष्ट बिनपगारी कामाची. पेरोल असला की पगारपत्रक, कपात, वर्षाअखेरचा दाखला, सगळे मालकाचे कार्यालय करते. चालकच कंपनी झाला की ते सगळे घरी येते. पंधरवड्याचे बिल करणे, मैलांचा ताळा घालणे, पावत्या खोक्यात जमवणे, विक्रीकराचा फॉर्म, चेक का आला नाही म्हणून फोन. माणूस पाच-सहा दिवस रस्त्यावर असतो, मग हे कोण करते? बायको करते. पोरांना झोपवून रात्री करते. कोणाच्याही वहीत त्या तासांची नोंद नाही. घरकामाची किंमत धरली जात नाही असे आपण इतकी वर्षे सांगत आलो. इथे तर वाहतूक कंपनीच्या कार्यालयातले कारकुनी कामच घरकाम होऊन बसले आहे.

तिसरी गोष्ट बाळंतपणाची. कॅनडात बाळंतपणाच्या रजेचे पैसे रोजगार विम्यातून मिळतात. आईला १५ आठवडे, आणि त्यापुढे पालकत्वाच्या रजेचे नेहमीच्या पद्धतीत ४० आठवडे. यातले एका पालकाला जास्तीत जास्त ३५ घेता येतात. उरलेले ५ दुसऱ्या पालकाने घेतले तरच मिळतात. ही सोय २०१९ मध्ये मुद्दाम केली, बापानेही मूल सांभाळावे म्हणून. पण ज्या कंपनीतले ४० टक्क्यांहून जास्त मतदानाचे भाग आपल्या ताब्यात आहेत, तिथले काम विम्यात धरतच नाहीत. चालकाच्या हातात तर सगळेच भाग असतात. स्वतःहून नोंदणी करून हप्ते भरण्याची सोय आहे, पण ती वर्षभर आधी करावी लागते आणि हे त्याला कोणी सांगत नाही. परिणाम काय? बापाचे आठवडे गेले. तो एक दिवस घरी बसला तर एक दिवसाची कमाई गेली. म्हणून तो बसत नाही, आणि ओली बाळंतीण एकटी पडते. सासू नाही, आई नाही, बाहेर बर्फ. बायकोही याच कंपनीत काम करते असे दाखवले असेल, तर नवऱ्याच्या कंपनीतली नोकरी म्हणून तिच्याही विम्यावर प्रश्नचिन्ह लागते.

चौथी गोष्ट आजार, अपघात आणि मरण. ट्रक चालवणे धोक्याचे काम आहे. कंबर जाते, साखर वाढते, झोपेचा नाश होतो, रस्त्यावर काय होईल सांगता येत नाही. नोकर असलेल्याला कामावर दुखापत झाली तर अपघात विम्याचे संरक्षण असते. स्वतःच्या कंपनीचा संचालक झालेल्याला ते आपोआप मिळत नाही, वेगळे घ्यावे लागते. आणि तो मेला तर? विधवेला मिळणारी पेन्शन आणि मुलांचा भत्ता त्याने पेन्शन योजनेत भरलेल्या वर्गणीवर ठरतो. ज्याने कंपनीतून स्वतःला पगार न देता फक्त लाभांश घेतला, त्याची वर्गणी भरलीच गेलेली नसते, कारण लाभांशावर ती कापत नाहीत. "कापाकापी नाही" म्हणून ज्या चेकवर घरात पेढे वाटले, त्या चेकने बायकोची पुढची भाकरी कापलेली असते.

पाचवी गोष्ट मोडलेल्या संसाराची. नवरा-बायको वेगळे झाले की मुलांच्या पोषणाचा खर्च बापाच्या उत्पन्नावर ठरतो. पेरोलवर असलेल्याचे उत्पन्न दाखल्यावर स्वच्छ दिसते. कंपनीवाला म्हणतो, "मी वर्षाला एवढुसाच लाभांश घेतो, बाकीचे कंपनीचे आहेत." मैत्रिणींनो, यावर उपाय आहे आणि तो बायांना माहीत नसतो. कॅनडाच्या १९९७ च्या केंद्रीय पोषण-खर्च नियमावलीत कलम १८ आहे. बाप कंपनीचा भागधारक, संचालक किंवा अधिकारी असेल, तर न्यायालय त्या कंपनीच्या करापूर्वीच्या नफ्यातला भाग त्याचे उत्पन्न म्हणून धरू शकते. हे एक कलम सांगितल्यावर मदत केंद्रातल्या कितीतरी बायांचे चेहरे बदललेले मी पाहिले आहेत.

आता मी माझ्या सोलापूरला येते, कारण तिथूनच मला ही युक्ती ओळखता आली.

आमच्या गल्लीत घरोघर बाया विड्या वळायच्या. मांडीवर सूप, शेजारी पोर. विडी कारखानदारांची देशभरातली एक जुनी पद्धत अशी, की ठेकेदाराने बाईला पान आणि तंबाखू 'विकल्याचे' कागदावर दाखवायचे आणि तयार विड्या तिच्याकडून 'विकत घेतल्याचे' दाखवायचे. झाली ती व्यापारी! मग भविष्य निर्वाह निधी नाही, बाळंतपणाची रजा नाही, किमान वेतन नाही. व्यापाऱ्याला कसले वेतन? ट्रकच्या जागी सूप ठेवा, बिलाच्या जागी ठेकेदाराची वही ठेवा, गोष्ट तीच आहे. फरक एवढाच, की तिकडे कागद मोठ्या लोकांनी तयार केलेला असतो आणि त्याला 'इंक' म्हणतात.

याविरुद्ध आपल्याकडे लढाया झाल्या. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्रातल्या मिठागरांवरच्या आगरियांना, ते ठरावीक दराने मीठ पिकवून देतात म्हणून ठेकेदार ठरत नाहीत, ते कामगारच आहेत असे म्हटले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. १९७३ मध्ये नगावर कपडे शिवणाऱ्या शिंप्यांच्या बाबतीतही तसाच निकाल आला. या सगळ्यांतून निघालेली कसोटी साधी आहे. कागदावर काय लिहिले आहे ते पाहू नका. काम कोणाच्या हुकमाने चालते, नापास करण्याचा अधिकार कोणाचा, काम बंद झाले तर पोट कोणाचे बंद होते, ते पाहा.

तरी युक्ती मेली नाही. तिने नवे लुगडे नेसले आहे. मोबाईलच्या ॲपवरून घरोघरी जाऊन पार्लरचे काम करणाऱ्या मुलींना 'पार्टनर' म्हणतात. दर ॲप ठरवते, गुण ॲप देते, काम बंद ॲप करते, आणि त्या भागीदार! २०२१ मध्ये अशा मुलींनी गुडगावला रस्त्यावर बसून निदर्शने केली, तेव्हा कंपनीने आपल्या या 'भागीदारां'पैकी चौघींवर दावा लावला. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात अशा कामगारांची नोंद प्रथमच घेतली आहे, ॲप कंपन्यांच्या उलाढालीतून १ ते २ टक्के कल्याणनिधीसाठी घेण्याची तरतूद आहे. ते घ्यायलाच हवे. पण त्या संहितेची व्याख्याच म्हणते, की हे लोक मालक-कामगार या नेहमीच्या नात्याबाहेरचे आहेत. म्हणजे कल्याण मिळेल, हक्क मिळणार नाही. या दोन शब्दांतला फरक या सभेत कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपण काय करायचे?

ब्रॅम्प्टनच्या केंद्रात आम्ही बायांना चार प्रश्न पाठ करायला लावतो. गाडी कोणाची? दर कोण ठरवतो? दुसऱ्याचे काम घेता येते का? आज काम बंद झाले तर कोणाचे नुकसान? चारही उत्तरे मालकाकडे बोट दाखवत असतील तर नवरा नोकर आहे, कंपनी नाही, मग कागदावर काहीही असो. पाचवा प्रश्न स्वतःसाठी: या कागदावर माझी सही कशाला हवी आहे? वाचल्याशिवाय, घरी नेऊन कोणाला तरी दाखवल्याशिवाय सही करायची नाही. "घरातल्या घरात काय विचारायचे" असे म्हणून गप्प बसायचे नाही. आणि सही आधीच झाली असेल तर घाबरून पाकिटे कपाटात लपवायची नाहीत. पाकीट उघडायचे, तारीख पाहायची, मदत केंद्रात यायचे.

दुसरे, हिशेब जपायचा. लोड कोणी सांगितला त्याचे मेसेज, ट्रिपचे कागद, चेकच्या प्रती, मैलांची वही. कागदावरची कंपनी खोटी आहे हे सिद्ध करायला हेच उपयोगी पडते. आणि ही वही बहुतेक घरांत बाईच्याच हातात असते. जे बिनपगारी काम तिच्यावर लादले गेले, तेच तिचे हत्यार होऊ शकते.

तिसरे संघटनांसाठी. आपल्या ज्या बहिणी विडी कामगारांत, घरेलू कामगारांत, शिवणकाम करणाऱ्यांत, ॲपवरच्या मुलींत काम करतात, त्यांनी या प्रश्नाला वेगवेगळ्या खणांत ठेवू नये. कामगार संघटनेत पुरुषांच्या बैठकीत मागण्या ठरतात तेव्हा पगार आणि दर एवढेच बोलले जाते. बाळंतपण, विधवेची पेन्शन, बायकोच्या सहीवरचे कर्ज या गोष्टी कोणी मांडत नाही, कारण त्या भोगणारी तिथे बसलेली नसते. ती तिथे बसली पाहिजे. आमच्याकडे चालकांच्या बैठकांना आता काही बायका जाऊ लागल्या आहेत. सुरुवातीला त्यांना चहा करायला सांगितले. चहा त्यांनी केला नाही. कागद घेऊन पुढच्या रांगेत बसल्या.

माझे म्हणणे एवढेच आहे. धंद्यातली जोखीम मालकाने उचलायची असते, नफा त्याचा असतो म्हणून. ती जोखीम कागद बदलून कामगारावर टाकली, की तो बिचारा ती रस्त्यावर कुठे ठेवणार? तो ती घरी आणतो. आणि घरी आणलेले प्रत्येक ओझे शेवटी कोणाच्या डोक्यावर येते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून कोणाच्याही नोकरीचा कागद बदलला जात असेल, मग तो ट्रकवाल्याचा असो की विडीवालीचा, तर तो आपला प्रश्न आहे.

मला जे सांगायचे होते ते मी सांगितले. आता तुम्ही विचारा, आणि तुमच्या गावात कोणाकोणाला अशी कागदावरची मालकी दिलेली आहे तेही सांगा. मला ते लिहून घ्यायचे आहे.